हायड्रेंजियावरचं लाल ‘नो’

ती पुस्तिका घरात आल्यापासून फुर्तादोंचं रविवारचं जेवण फार सभ्य झालं होतं, आणि डार्लीनला त्या सभ्यपणाचाच वीट आला होता. मतपत्रिकेबरोबर टपालानं येते तीच पुस्तिका. ठरावाच्या बाजूचं म्हणणं डाव्या पानावर, विरोधातलं उजव्या पानावर आणि खाली सह्या करणाऱ्यांची नावं. या जूनमध्ये आल्मा बे गावापुढे ठराव होता मेझर टी: हॉटेलात उतरणाऱ्यांवरचा कर दहा टक्क्यांवरून चौदा करायचा आणि त्या पैशातून गावची रात्रीची ॲम्ब्युलन्स चालू ठेवायची. उजव्या पानावर सही होती गिल्बर्ट फुर्तादो, हायड्रेंजिया मोटेल. डाव्या पानावर सही होती देओलिंडा फुर्तादो, हायड्रेंजिया मोटेल. पुस्तिका मिटली की मायलेकरांची नावं नाकाला नाक लावून झोपत.

दोघांनीही एकमेकांना न सांगता सह्या ठोकल्या होत्या. गावाला महिनाभर फुकटची करमणूक झाली. घरात मात्र आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून सगळे मूग गिळून बसले होते. डार्लीनची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. गिल तिचा नवरा, देओलिंडा तिची सासू, आणि मोटेलच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं तीच उभी. तिची मतपत्रिका किल्ल्यांच्या खणात कोरीच पडली होती. ठराव पास व्हायला तीनातली दोन मतं लागणार होती, तेव्हा एकेक मत म्हणजे जीव की प्राण. गिलनं तिला विचारलं नव्हतं, कारण बायको आपलीच. सासूनं विचारलं नव्हतं, कारण तिच्या मते शहाण्या बाईला विचारावं लागत नाही.

महिनाभर धरलेलं मौन सुटलं ते नेमकं फेश्ताच्या, म्हणजे पोर्तुगीज देवळाच्या जत्रेच्या रविवारी, मतदानाला दोन दिवस राहिले असताना. सकाळची मिरवणूक झाली, पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट देवळातून हॉलमध्ये आला, आणि नेहमीप्रमाणे गावाला, वाटसरूंना, येईल त्याला सोपाश वाढलं गेलं. बीफ-कोबीचं सूप, पुदिना आणि खाली भिजलेला पाव. रांग ओसरल्यावर घरचे लोक हॉलच्या टोकाला जेवायला बसले. गिलची बहीण नातालिया डोंगरापलीकडच्या गावाहून सकाळीच आली होती. तिला इथं मत नव्हतं, त्यामुळे तिचं मत सगळ्यांत ठाम होतं. महिनाभर ती फोनवरून आईची बाजू घेत आली होती.

“माय, एक विचारू?” गिल चमचा खाली ठेवून म्हणाला.

“विचारण्याआधी जेव.”

“आज इथं किती परकी माणसं जेवून गेली. पापानं कधी कुणाकडून एक सेंट तरी घेतला?”

“नाही घेतला.”

“आणि तू रात्री त्याच माणसाच्या बिलावर चौदा टक्के लावणार. दुपारी फुकट सोपाश, रात्री खिशात हात.”

“गिल, आज नको,” नातालिया म्हणाली.

“आज नको तर कधी? मंगळवारी मतदान आहे. बरं, त्या बिचाऱ्याला इथं मत तरी आहे का? ज्याला बोलायची सोय नाही त्याच्याच डोक्यावर ओझं. हा आपला पाहुणचार?”

डार्लीनला मनातून हे पटलं. तिनं सासूकडे पाहिलं. माय पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसत होती. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण वाडगा असा पुसायची की धुणारीला काम उरू नये.

“जिल्बेर्तु,” ती म्हणाली. पोराला पूर्ण पोर्तुगीज नावानं ती दोनच वेळा हाक मारायची, फार रागावली की किंवा फार आवडला की. “आज सोपाशचा पहिला हंडा कुणी उचलला?”

“मी. आणि नातालियाचा नवरा. आणि रांगेतले दोघे.”

“कोण दोघे?”

“कोण जाणे. एक टोपीवाला होता. आपल्याच नऊ नंबरच्या खोलीतला असेल.”

“हॉलमध्ये आपली दहा माणसं रिकामी असायची, तरी तुझा बाप हंड्याला दोघे रांगेतलेच घ्यायचा. मी म्हणायचे, परक्याला कशाला राबवतोस? तो म्हणायचा, जेवायला बसवलं की माणूस पाहुणा असतो, हंडा उचलला की घरचा. त्या टोपीवाल्याचं तोंड पाहिलंस नंतर? दुसऱ्यांदा वाढून घेताना लाजला नाही तो.”

“सूप वेगळं आणि कर वेगळा.”

“वेगळा तर वेगळा. पण तोच टोपीवाला रात्री छाती धरून बसला तर गाडी त्याच्यासाठीही येते. मग हंड्याच्या कडीला त्याचा हात लागला तर बिघडलं काय?”

अकरा वर्षांपूर्वी गिलचा बाप, अंतेरो, मोटेलच्या लाँड्रीत कोसळला होता. मागच्या गल्लीतल्या ॲम्ब्युलन्सच्या केंद्रावरून माणसं अक्षरशः धावत आली आणि म्हातारा आणखी सहा वर्षं जगला. रात्रीची गाडी बंद झाली तर पुढची गाडी डोंगर ओलांडून यायची, तोवर माणूस जायचा. हे गिललाही ठाऊक होतं.

“त्या सहा वर्षांत आम्ही रोज भांडलो,” माय म्हणाली. “त्यातलं एकही भांडण मला परत द्यायचं नाही.”

“मला काय पापा नको होता?” गिलचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “गाडी हवीच, माय. पण हात लावेल तुझा टोपीवाला एकदा, आणि पुढच्या वर्षी डोंगरापलीकडे उतरेल. किनाऱ्यावरची तीन मोटेलं बंद पडलेली पाहिलीत मी. हायड्रेंजियाच उरलं नाही, तर कर कुणाकडून घेणार?”

डार्लीनला दोघांचंही खरं वाटत होतं आणि त्याचाच त्रास होत होता. नातालियानं गोड पाव कापून सगळ्यांपुढे सरकवला आणि जेवण पुन्हा सभ्य झालं.

संध्याकाळी मोटेल भरलं, आणि मग पाटीचा प्रश्न आला.

पाटीचं असं होतं. ‘व्हेकन्सी’ हा शब्द तिच्यावर कायम निळा जळत असायचा, आणि त्याच्या अलीकडे एक लहानसं लाल ‘नो’ होतं. शेवटची खोली गेली की काउंटरखालचं बटण दाबायचं आणि ते पेटायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ते पेटलं तेव्हा अंतेरोनं देओलिंडाचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे नेलं होतं आणि दोघं कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली होती. दुसऱ्याच्या घरात नाही म्हणजे नाही. फुर्तादोंच्या घरात ‘नो’ म्हणजे आनंदाची बातमी.

पण या महिन्यात ‘नो’ हा शब्द गावभर कुंपणाकुंपणावर टांगलेला होता, ठरावाला नाही म्हणा म्हणून. सगळे फलक लाल, आणि त्यातले निम्मे गिलनंच छापून घेतलेले.

“मंगळवारपर्यंत ‘नो’ लावायचं नाही,” मायनं सांगून टाकलं. “माझ्या दारावर मी तो शब्द पेटवणार नाही.”

“मग येणाऱ्यांना काय सांगू?” डार्लीननं विचारलं.

“सांग, जागा नाही. तोंडानं सांग. तोंड कशाला दिलंय देवानं?”

डार्लीननं तोंडानं सांगितलं. फेश्ताची संध्याकाळ, किनाऱ्याचा रस्ता गाड्यांनी भरलेला, आणि निळी पाटी म्हणतेय या, जागा आहे. लोक आशेनं आत यायचे, मुलं पेंगलेली, पाठी आखडलेल्या, आणि डार्लीन माफी मागून परत पाठवायची. कुणी नुसतं बघून जायचं, कुणी दोन शब्द सुनावून. मग एक म्हातारं जोडपं आलं. घाटातल्या वळणांनी बाईच्या पोटात ढवळून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. डार्लीन नाही म्हणायच्या आत मागच्या दारातून माय आली, बाईला एकदा पाहिलं, आणि तिला हाताला धरून सरळ आपल्या खोलीत घेऊन गेली. नवीन चादरी घातल्या. स्वतःची उशी काखेत मारून लाँड्रीतल्या घडीच्या खाटेकडे निघाली.

“माय, तुम्ही तिथं झोपणार?”

“ड्रायर चालू असतो. ऊब असते.”

या बाईशी डार्लीनचं वीस वर्षं फारसं पटलं नव्हतं. चादरीचे कोपरे कसे दुमडावेत इथपासून वाद. पण त्या वेळी काखेत उशी घेऊन चाललेल्या त्या वाकलेल्या पाठीकडे पाहून तिला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि तेवढ्यात अंगणात आणखी एका गाडीचे दिवे वळले. आता ही गाडी आली, आत एखादं आजारी माणूस निघालं, तर माय ती खाटही देऊन मोकळी होईल.

डार्लीननं बटण दाबलं.

अंगणातली खडी लाल झाली. गाडी थबकली आणि मागे वळून गेली. लाँड्रीचं दार उघडून माय बाहेर आली.

“कुणी लावलं?”

“मी.”

“मी काय सांगितलं होतं?”

“ऐकलं होतं. पण हे मत नाही, माय. हे खरं आहे. घर भरलंय.”

म्हातारीनं मान वर करून पाटीकडे पाहिलं. “तुझ्या सासऱ्यानंही हेच केलं असतं,” ती म्हणाली आणि आत गेली. ओरडली असती तर डार्लीनला सोपं गेलं असतं.

हॉलमधली भांडी घासून नातालिया परतली ती आईला खाटेवर बघून भडकलीच. “एका करापायी एक्क्याऐंशी वर्षांची बाई लाँड्रीत? गिल म्हणतो तेच खरं. हिला हट्ट झालाय नुसता.” महिनाभराची दोस्ती एका खाटेवर मोडली. गिल मात्र पाटीकडे बघत दारात उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, “शेवटी आलीस माझ्या बाजूला.”

“मी कुणाच्या बाजूला नाही आले. मी काउंटरच्या बाजूला आहे. आणि जाऊन तुझी खोली आईला दे.”

गिल गेला. पण माय उठली नाही. म्हणाली, झोप लागलीय, आणि डोळे मिटून घेतले.

सोमवार उजाडला तो अफवा घेऊनच. देओलिंडा फुर्तादोनं मन बदललं, पाटीवर लाल दिव्यात लिहून जाहीर केलं. मोटेल भरलं की ‘नो’ लागतं हे आख्खं गाव पन्नास वर्षं बघत आलं होतं, पण निवडणुकीच्या आठवड्यात माणसं सरळ वाचायचं विसरतात. ठरावाच्या बाजूनं दारोदार फिरणाऱ्या प्रुइट बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, धापा टाकत काउंटरवर आल्या.

“खरं आहे का हो?”

“घर भरलं होतं, बाई. बटण मी दाबलं.”

“मला पटतं. पण मी कुठं कुठं सांगत फिरू? म्हातारी मंडळी तिच्याकडे बघून मत देतात. कितीतरी जणांच्या मतपत्रिका अजून टेबलावरच पडल्यात.”

डार्लीननं काउंटर तसाच सोडला. ती लाँड्रीत गेली. माय चादरींच्या घड्या घालत होती.

“माय, बेकरीपर्यंत चक्कर मारू या. चार जणांना तुम्ही सांगितलंत की पुरे.”

“माझं मन बदललं नाही, असं सांगत फिरू? ज्या बाईला हे सांगत फिरावं लागतं, तिचं मन असून नसून सारखं. धर, ते टोक धर.”

डार्लीननं टोक धरलं. मायच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण रोज चापून बसणारी घडी आज दोनदा चुकली. डार्लीनला ते पुरेसं होतं.

दुपारी गिल हार्डवेअरच्या दुकानातून आला. हातात रंगाचा डबा होता.

“लोकांनी पाठ थोपटली माझी,” तो म्हणाला. “आईला वळवलंस, शाबास म्हणाले. कोपऱ्यावरच्या मोटेलवाल्यानं कॉफी पाजली.”

“मग?”

“प्यालो.” तो डबा इकडून तिकडे फिरवत राहिला. “मग सांगितलं, माय वळलेली नाही, घर भरलं होतं. तर हसायला लागले. म्हणाले, असेल, पण उद्यापर्यंत गप्प बस ना. तुझं काय जातंय?”

नवऱ्याला डार्लीननं जिंकताना पाहिलं होतं, हरतानाही पाहिलं होतं. असं मध्ये अडकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“मला जिंकायचंय, डार्लीन. खरंच जिंकायचंय. पण तिच्या तोंडात माझा शब्द घालून नाही.” त्यानं कपाटाकडे हात केला. “एक चादर दे. मोठी.”

मंगळवारी सकाळी गावानं पाहिलं ते असं: हायड्रेंजियाच्या पाटीला शिडी लावलेली, पाटीखाली दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेली पांढरी चादर, आणि तिच्यावर निळ्या रंगात हातभर अक्षरं.

*माय ‘हो’ म्हणते.*
*मी ‘नाही’ म्हणतो.*
*खोल्या रिकाम्या आहेत.*

गाड्या हळू होऊ लागल्या. कुणी भोंगा वाजवला, कुणी काच खाली करून हसलं. बेकरीतून माणसं हातात कॉफी घेऊन बघायला आली. प्रुइट बाई आल्या, चादर वाचली, आणि ज्याच्याशी महिनाभर हुज्जत घातली त्या गिलचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि निघून गेल्या. कोपऱ्यावरचा मोटेलवालाही येऊन वाचून गेला, पण त्यानं कॉफीचं विचारलं नाही.

माय बाहेर आली. तिनं रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभी राहिली, पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्यानं उभं केलं होतं तिथंच. थोड्या वेळानं गिल शिडीवरून उतरून तिच्या शेजारी गेला. दोघं पाटीकडे बघत होती. काय बोलली ते काउंटरच्या खिडकीतून डार्लीनला ऐकू आलं नाही, पण मायनं लेकाच्या शर्टावरचा रंगाचा डाग नखानं खरवडलेला तिला दिसला.

परत येताना माय काउंटरपाशी थांबली. “डबल बेडची चादर होती. चांगली होती.”

“हो.”

“अक्षर बापासारखंच वाकडं आहे.” आणि लाँड्रीकडे वळता वळता, “रविवारी तू बटण दाबलंस ते बरोबर केलंस.”

डार्लीननं खण उघडला, मतपत्रिका काढली आणि ‘हो’समोरचा गोल काळा केला. हंड्याची गोष्ट तिला पटली होती. आणि नवऱ्यावर आपलं इतकं प्रेम आहे हे सोमवारपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. नगरपालिकेसमोरच्या पेटीपर्यंत गिलनंच तिला गाडीनं सोडलं. काय लिहिलंस, हे त्यानं विचारलं नाही, तिनंही लपवलं नाही. घरी येताना सांगितलं. तो म्हणाला, “वाटलंच होतं,” आणि रेडिओ लावला.

टपालाची मतं मोजता मोजता जून सरत आला. ठराव पास झाला तो अगदी काठावर, ओंजळभर मतांनी. मायनं गोड पाव भाजला आणि एक अक्षर बोलली नाही. मिरवायचं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि समोर बसलेला हरलेला माणूस तिचाच मुलगा होता. नातालियानं फोनवर सांगून टाकलं की तिला हे पहिल्यापासून माहीत होतं.

नवा कर लागला तेव्हा किनाऱ्यावर धुकं उतरायचे दिवस आले होते. डार्लीन चाव्या लावत होती आणि काउंटरवर गिल होता. एक पाहुणा बिल हातात घेऊन उभा राहिला, जाड भिंगांच्या चष्म्याचा.

“हे चौदा टक्के कसले? मी इथं राहत नाही, मला इथं मत नाही. माझ्या डोक्यावर ओझं कशाला?”

डार्लीनच्या हातातली चावी हातातच राहिली. हा तर गिलचाच शब्द होता, जसाच्या तसा परत आलेला. मागच्या खोलीत ड्रायर थांबला होता, म्हणजे माय तिथंच होती.

“तुमचं बरोबर आहे,” गिल म्हणाला. “मी हेच म्हणत होतो. छापून म्हणत होतो.”

“मग?”

“मग हरलो.” त्यानं कार्ड परत दिलं. “आमच्या मागच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स उभी असते. काल रात्रीही होती. तुम्हाला काही झालं असतं तर तुम्ही शर्ट घालायच्या आत ती माणसं दारात आली असती. माझ्या बापासाठी आली होती. त्या हंड्याला आता तुमचाही हात लागला.”

“कसला हंडा?”

“ते असं सांगून कळायचं नाही. जूनमध्ये फेश्ताला या. जेवायला. पैसे पडत नाहीत.”

पाहुण्यानं चष्मा वर सरकवला, या माणसाला वेड लागलंय की काय अशा नजरेनं पाहिलं, आणि मग, का कुणास ठाऊक, हसला. तारीख विचारून घेतली.

मागच्या खोलीतून आवाज आला.

“जिल्बेर्तु.”

“काय, माय?”

“त्याला सांग, वेळेवर ये. पहिला हंडा सकाळीच उचलतात.”